झोपेला वेळेचा अपव्यय समजणाऱ्या एडिसनने रात्र उजळवली, पण शरीरातलं घड्याळ काही त्याला बदलता आलं नाही

२१ ऑक्टोबर १९३१. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे दहा वाजले आणि लोकांनी आपापल्या घरातले, दुकानातले दिवे स्वतःच्या हाताने बंद केले. वीज गेली नव्हती, की कुठे धोक्याचा भोंगा वाजला नव्हता. तीन दिवसांपूर्वी थॉमस अल्वा एडिसन गेला होता आणि त्याच दिवशी त्याचं दफन झालं होतं. एक मिनिट दिवे मालवून त्याला निरोप द्या, असं आवाहन राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी देशाला केलं होतं.

खरं तर आधी अख्ख्या देशाची वीजच मिनिटभर बंद करायची कल्पना पुढे आली होती. पण तसं केलं तर लोकांचे जीव जातील हे लक्षात आलं आणि ती कल्पना बारगळली. एडिसनच्या हयातीतच जग विजेवर इतकं अवलंबून झालं होतं, की अंधार करायलाही आता ठरवावं लागत होतं.

एडिसनची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. मास्तरांनी मठ्ठ ठरवलेला मुलगा, आईने घरी शिकवलं, कितीतरी वेळा फसला आणि शेवटी बल्ब पेटवला. पण याच माणसाच्या आयुष्यात दुसरी एक गोष्ट आहे जी फारशी सांगितली जात नाही. ती आहे त्याच्या झोपेशी असलेल्या भांडणाची, त्याच्याच प्रयोगशाळेत कॅन्सरने गेलेल्या एका कामगाराची, आणि त्याने उजळवलेल्या रात्रीबद्दल शास्त्रज्ञांना शंभर वर्षांनी आलेल्या एका संशयाची.

रात्रपाळीतला पोरगा

११ फेब्रुवारी १८४७ ला ओहायो राज्यातल्या मिलान गावात एडिसनचा जन्म झाला. सात भावंडांत तो शेंडेफळ. पुढे कुटुंब मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉनला आलं. शाळा काही महिनेच झाली. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉईट रेल्वेत पेपर आणि खाऊ विकायला लागला. ऐकायला लहानपणापासूनच कमी यायचं.

१८६२ मध्ये त्याने एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला सुटलेल्या डब्याखाली येता येता वाचवलं. त्या बापाने उपकाराची फेड म्हणून त्याला तारयंत्र चालवायला शिकवलं आणि एडिसनला पोटापाण्याचा धंदा मिळाला.

पुढच्याच वर्षी कॅनडातल्या स्ट्रॅटफर्ड जंक्शनवर त्याला नोकरी लागली. वय सोळा, नोकरी तार ऑपरेटरची आणि ड्युटी रात्रपाळीची. रात्री ऑपरेटर झोपतात हे रेल्वेला ठाऊक होतं. म्हणून नियम असा, की प्रत्येक तासाला ठरलेला एक सिग्नल पाठवायचा. सिग्नल आला म्हणजे माणूस जागा आहे.

एडिसन दिवसा प्रयोग करायचा आणि रात्री झोपेने डोळे मिटायचे. मग त्याने एक डोकं लढवलं. घड्याळाला खाचा पाडलेलं एक चाक जोडलं आणि ते तारयंत्राला लावून दिलं. दर तासाला सिग्नल आपोआप जायचा आणि एडिसन खुशाल झोपायचा. गंमत म्हणजे त्याचा सिग्नल इतका वेळेवर यायचा, की साहेबांना सुरुवातीला त्याचं कौतुक वाटलं. पुढे बिंग फुटलं.

त्यानंतर तिथेच एक मालगाडी थांबवायचा निरोप असताना ती थांबली नाही, समोरून दुसरी गाडी येत होती. टक्कर टळली, पण चौकशी लागल्यावर एडिसनने कॅनडातून पळ काढला.

तरी रात्रपाळी काही सुटली नाही. लुइव्हिल शहरात वेस्टर्न युनियनच्या कचेरीत त्याने रात्रपाळी स्वतःहून मागून घेतली. रात्री काम कमी, वाचायला आणि प्रयोगाला वेळ भरपूर. एका रात्री बॅटरीतलं ॲसिड सांडलं, ते फळ्यांमधून झिरपून खालच्या मजल्यावरच्या साहेबाच्या टेबलावर पडलं आणि दुसऱ्या दिवशी नोकरी गेली.

मेन्लो पार्क आणि पर्ल स्ट्रीट

१८६९ मध्ये त्याला पहिलं पेटंट मिळालं. १८७६ मध्ये न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कला त्याने स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. १८७७ मध्ये फोनोग्राफ आला आणि एडिसनचं नाव जगभर गेलं.

मेन्लो पार्कचं वेळापत्रक उलटंच होतं. खरं काम रात्री चालायचं. मध्यरात्री सगळ्यांचं एकत्र जेवण व्हायचं, प्रयोगशाळेत एक पाइप ऑर्गन होता, त्यावर गाणी व्हायची आणि मग पुन्हा काम सुरू. कुणी थकला तर टेबलाखाली नाहीतर बाकावर अंग टाकायचा. एडिसन स्वतःही तेच करायचा. बायको मेरी आणि तीन मुलं घरी आणि हा बहुतेक रात्री प्रयोगशाळेत.

विजेच्या दिव्याची कल्पना एडिसनची एकट्याची नव्हती. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान त्याच वाटेवर होता आणि काही शहरांत कमानी दिवे लागलेही होते. पण ते घरात लावण्याजोगे नव्हते, डोळे दिपायचे. एडिसनला घरात जळणारा, स्वस्त आणि टिकणारा दिवा हवा होता. ऑक्टोबर १८७९ मध्ये जाळून कोळसा केलेल्या सुती दोऱ्याचा दिवा तेरा-चौदा तास टिकला. पुढे बांबूच्या तंतूने तो हजार तासांच्या पुढे गेला. ३१ डिसेंबर १८७९ च्या रात्री मेन्लो पार्क बघायला गर्दी लोटली.

पण नुसता दिवा काय कामाचा? वीज कुठून येणार? ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटवरचं वीज केंद्र सुरू झालं. सुरुवातीला ग्राहक ऐंशीच्या आसपास आणि दिवे ४००. दोनच वर्षांत दिव्यांची संख्या दहा हजारांवर गेली.

मेणबत्ती आणि रॉकेल आधीही होतं. पण त्यांचा उजेड मिणमिणता, पिवळट आणि तेल जाळणं परवडायला हवं. विजेने हे गणितच बदललं. आता कारखाना रात्रभर चालवता येत होता. दिवसपाळी संपली की रात्रपाळी, यंत्र थांबायलाच नको. लुइव्हिलला एडिसनने हौसेने मागून घेतलेली रात्रपाळी पुढे लाखो लोकांना पोटासाठी करावी लागली.

न दिसणारा प्रकाश

१८९५ च्या अखेरीस जर्मनीत विल्हेल्म रोंटगेनने क्ष-किरण शोधले. बातमी अमेरिकेत पोचताच एडिसनने कामाला हात घातला. क्ष-किरण पडले की कोणता पदार्थ जास्त चमकतो हे त्याने शेकडो पदार्थ घेऊन तपासलं. कॅल्शियम टंगस्टेट सगळ्यात सरस ठरलं. त्यातून त्याने फ्लुरोस्कोप बनवला. डोळ्याला लावायचा आणि हाताची हाडं थेट बघायची. मे १८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतःच्या हाताची हाडं बघायला लोकांनी रांगा लावल्या.

या कामात एडिसनचा उजवा हात होता क्लॅरेन्स डॅली. काच फुंकून नळ्या बनवणारा कारागीर. नळी नीट चालते का हे बघायला तो आपला हात किरणांसमोर धरायचा. दिवसातून कितीतरी वेळा, वर्षानुवर्षे. डाव्या हाताची कातडी भाजल्यासारखी झाली तेव्हा तो उजवा हात धरू लागला. क्ष-किरण घातक असतात हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ते दिसत नव्हते, धरताना दुखतही नव्हते.

जखमा भरल्या नाहीत. त्यांचा कॅन्सर झाला. कातडी लावून बघितली, बोटं कापली, शेवटी दोन्ही हात कापावे लागले. एडिसनने त्याचा पगार चालू ठेवला. पण ऑक्टोबर १९०४ मध्ये वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी डॅली गेला. क्ष-किरणांवर काम करताना जीव गेलेला तो पहिला अमेरिकन मानला जातो.

एडिसनच्याही डोळ्यांना त्रास झाला होता. डॅलीची अवस्था बघून त्याने क्ष-किरणांचं काम कायमचं सोडलं. त्याला या किरणांची भीती वाटते हे त्याने १९०३ मध्ये पत्रकारांजवळ कबूल केलं. कशालाच न घाबरणाऱ्या या माणसाने एखादं संशोधन भीतीपोटी सोडावं, असं क्वचितच घडलं असेल.

झोपेशी भांडण

दिसणाऱ्या प्रकाशाबद्दल मात्र त्याला काडीचीही शंका नव्हती. उलट माणसं गरजेपेक्षा जास्त झोपतात, त्याने ती आळशी आणि मंद होतात, विजेच्या दिव्याने ही सवय सुटेल आणि माणसाची प्रगती होईल, असं तो जाहीरपणे सांगायचा. आपण चार-पाच तासांत भागवतो, असा त्याचा दावा होता. १९१२ च्या सुमारास नवा फोनोग्राफ तयार करताना त्याने निवडक माणसांना रात्रंदिवस कामाला जुंपलं. या टोळीला नावच पडलं निद्रानाश पथक.

आता यातली मेख. एडिसन दिवसा मस्त डुलक्या काढायचा. वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेत, पुस्तकांच्या कपाटांमध्ये त्याची खाट होती, ती आजही तिथे बघायला मिळते. १९२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्यासोबत तो रानात मुक्कामाला गेला होता. तिथला एक फोटो प्रसिद्ध आहे. हार्डिंग पेपर वाचत बसलेत आणि एडिसन झाडाखाली गवतावर गाढ झोपलाय.

म्हणजे झोपेला नावं ठेवणाऱ्याचं शरीर झोप वसूल करतच होतं. फरक इतकाच, की तो मालक होता, हवं तेव्हा आडवा होऊ शकत होता. रात्रपाळीच्या कामगाराला ही सोय नव्हती.

१८ ऑक्टोबर १९३१ ला मधुमेहाच्या गुंतागुंतीने वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी एडिसन गेला. नावावर अमेरिकेतली १,०९३ पेटंटं.

शरीरातलं घड्याळ

झोप ही नुसती सवय नाही, हे पुढच्या काही दशकांत हळूहळू उलगडत गेलं.

तशी खूण फार आधी मिळाली होती. १७२९ मध्ये फ्रान्सच्या दे मेराँ या शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं एक झाड अंधारात ठेवलं होतं. ऊन नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांना फळमाशीत असं एक जनुक सापडलं, जे बिघडलं की माशीचं दिवसाचं चक्रच बिघडतं. त्याला पीरियड असं नाव पडलं. जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांनी हे घड्याळ आतून कसं चालतं ते शोधलं आणि २०१७ चं नोबेल त्यांना मिळालं.

त्याची रचना तशी साधी आहे. पेशी एक प्रथिन बनवते. ते साठत जातं. पुरेसं साठलं की ते स्वतःचंच उत्पादन बंद करतं. मग हळूहळू संपतं आणि पुन्हा बनायला लागतं. या फेरीला साधारण २४ तास लागतात. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत असं घड्याळ आहे आणि मेंदूत सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका ही सगळी घड्याळं जुळवून ठेवतो. त्याला वेळ कळते ती डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून.

अंधार पडला की मेंदूतली एक छोटी ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक सोडते. रात्र झाली, हा निरोप त्यातून शरीरभर जातो. रात्री झगझगीत उजेड डोळ्यांवर पडला तर माणसात मेलाटोनिन दबतं, हे १९८० मध्ये सिद्ध झालं.

आता याचा कॅन्सरशी काय संबंध? कॅन्सर म्हणजे पेशींनी ताळतंत्र सोडून वाढत राहणं. पेशीने कधी विभागायचं, बिघडलेला डीएनए कधी दुरुस्त करायचा, दुरुस्त होत नसेल तर पेशीने कधी मरायचं, यातल्या बऱ्याच कामांच्या वेळा हे घड्याळ ठरवतं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या शास्त्रज्ञांनी घड्याळाचं एक जनुक बिघडलेल्या उंदरांवर गॅमा किरण सोडले. सामान्य उंदरांपेक्षा या उंदरांत कितीतरी जास्त गाठी झाल्या. क्ष-किरणांसारखे हे किरणही डीएनए तोडतात, डॅलीच्या हातांत तेच झालं होतं. ती मोडतोड निस्तरण्यात घड्याळाचाही हात असतो, हे या उंदरांनी दाखवलं.

संशयाची सुई दिव्यावर

१९८७ मध्ये रिचर्ड स्टीव्हन्स या अमेरिकी संशोधकाने एक शंका मांडली. औद्योगिक देशांत स्तनाचा कर्करोग जास्त का? रात्रीचा विजेचा उजेड मेलाटोनिन दाबतो, हे तर त्यामागचं एक कारण नसेल?

ही शंका तपासायची तर रात्री उजेडात राहणारी माणसं हवीत. ती हॉस्पिटलमध्ये सापडली. २००१ मध्ये अमेरिकेतल्या ७८,५६२ नर्सेसचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३० वर्षं किंवा जास्त काळ फिरत्या रात्रपाळ्या केलेल्या नर्सेसमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण रात्रपाळी न केलेल्यांपेक्षा ३६ टक्के जास्त आढळलं. याचा अर्थ शंभरातल्या ३६ जणींना कॅन्सर होतो, असा नाही. मुळात जो धोका असतो, तो तेवढ्या पटीत वाढलेला दिसला.

२००५ मध्ये एक वेगळाच प्रयोग झाला. निरोगी महिलांचं रक्त तीन वेळा घेतलं. दिवसा, रात्री अंधारात, आणि रात्री झगझगीत उजेडात बसवून. मानवी स्तनाच्या कर्करोगाच्या गाठी वाढवलेल्या उंदरांच्या शरीरातून ते रक्त खेळवलं. अंधारातलं, मेलाटोनिनने भरलेलं रक्त मिळालं तेव्हा गाठीची वाढ मंदावली. उजेडात घेतलेल्या रक्ताने हा परिणाम दिसला नाही.

२००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला बहुधा कर्करोगकारक अशा गटात टाकलं. २०१९ मध्ये पुन्हा तपासणी झाली आणि रात्रपाळी त्याच गटात राहिली. पहिल्या निर्णयानंतर थोड्याच काळात डेन्मार्कने वर्षानुवर्षे रात्रपाळी करून स्तनाचा कर्करोग झालेल्या जवळपास ४० महिलांना भरपाई दिली.

पण बहुधा हा शब्द विसरून चालणार नाही. लाल मांसही याच गटात आहे. पुरावा किती भक्कम आहे ते हा गट सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. २०१६ मध्ये १० अभ्यासांतल्या सुमारे १४ लाख महिलांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा रात्रपाळीने स्तनाचा कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही. रात्रपाळी करणाऱ्यांचं खाणं, वजन, व्यायाम हेही वेगळं असतं, त्यामुळे नेमका दोष कशाचा हे वेगळं काढणं अवघड जातं. संशोधन अजून सुरू आहे.

मग दिवे बंद करायचे का?

नाही. विजेच्या दिव्याने रात्रीची ऑपरेशनं शक्य झाली, मुलांना अभ्यासाला उजेड मिळाला, रॉकेलच्या धुरापासून आणि आगींपासून सुटका झाली. नाईट शिफ्टची नर्स, पोलीस, एमआयडीसीतला कामगार, पुण्यातून अमेरिकेचं काम करणारी मुलं, यांच्यामुळेच बाकीच्यांना निवांत झोपता येतं. एका रात्रीच्या जागरणाने कुणाला कॅन्सर होत नाही. संशय आहे तो वर्षानुवर्षे बिघडलेल्या चक्राबद्दल.

त्यामुळे करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी रात्री खोलीत अंधार करून झोपावं, मोबाईल लांब ठेवावा, सकाळचं ऊन अंगावर घ्यावं. ज्यांना रात्रपाळी चुकत नाही त्यांनी दिवसाची झोप जाड पडदे लावून, अंधारात पूर्ण करावी आणि वयानुसार डॉक्टर सांगतील त्या तपासण्या टाळू नयेत. पाळ्या कशा लावायच्या, दोन रात्रपाळ्यांनंतर किती विश्रांती द्यायची, हे मात्र कामगाराच्या हातात नसतं. ते मालकाने आणि सरकारने बघायचं असतं.

डॅली गेल्यावर क्ष-किरण काही बंद झाले नाहीत. शिशाचे ॲप्रन आले, मशीनसमोर किती वेळ थांबायचं याचे नियम आले, आणि तेच किरण पुढे कॅन्सरवर उपचार करायला वापरले गेले. पण ही समज यायला डॅलीसारख्या कितीतरी जणांचे हात आणि जीव गेले. रात्रपाळीच्या बाबतीत इशारा निदान वेळेत मिळाला आहे.